हॉफस्टॅटर यांची जागा

न्यूयॉर्क, एप्रिल १९६८. कोलंबिया विद्यापीठातल्या लो लायब्ररीच्या खिडकीत बसलेली ही मुलं पाहा. पाच इमारती विद्यार्थ्यांच्या ताब्यात आहेत. युद्धसंशोधनाशी विद्यापीठानं नातं तोडावं, हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीलगतच्या बागेतलं जिमचं बांधकाम थांबवावं, या त्यांच्या मागण्या. ३० एप्रिलच्या पहाटे पोलीस आत शिरले. सातशेहून जास्त अटका झाल्या.

आता ४ जून. आवारापासून हाकेच्या अंतरावरचं हे सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रल. यंदा पदवीदान इथं आहे. एरवी हे भाषण विद्यापीठाचे अध्यक्ष करतात. आज उभे आहेत इतिहासाचे प्राध्यापक रिचर्ड हॉफस्टॅटर. शेकडो विद्यार्थी उठून बाहेर चालले आहेत. हॉफस्टॅटर बोलत आहेत: विद्यापीठ ही मोकळ्या विचाराची जागा आहे, ती बळानं ताब्यात घेता येणार नाही.

ही जागा किती नाजूक असते, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. १९४१ साली न्यूयॉर्क विधिमंडळाची एक समिती कम्युनिस्ट शिक्षक हुडकत होती. सिटी कॉलेजातले इतिहासाचे शिक्षक जॅक फोनर यांची नोकरी त्यात गेली. त्यांच्या जागी पंचविशीतल्या हॉफस्टॅटरना घेतलं. मुलांनी सुरुवातीला त्यांच्या तासांवर बहिष्कार टाकला. आणि हे हॉफस्टॅटर स्वतः काही महिने कम्युनिस्ट पक्षात राहून १९३९ साली बाहेर पडले होते!

बफेलो हे त्यांचं गाव. वडील पोलंडहून आलेले ज्यू, फरचे व्यावसायिक. आई ते दहा वर्षांचे असताना गेली. पुढं पत्नी फेलिस कर्करोगानं अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्या उशाशी बसून त्यांनी एका पुस्तकाचं लेखन चालू ठेवलं. १९४५ साली ती गेली, पुस्तक आलं १९४८ साली. एकमेकांवर तुटून पडणारे अमेरिकी पुढारी खासगी मालमत्ता आणि स्पर्धा यांवर मात्र एकाच श्रद्धेनं बोलतात, असं त्यात त्यांनी दाखवलं.

पुढं कम्युनिस्टांच्या मागं लागलेल्या सिनेटर मॅकार्थीचा काळ आला. कोण देशद्रोही, याच्या याद्या निघू लागल्या. हॉफस्टॅटरनी या भीतीचा माग मागं मागं काढत नेला. १७९८ साली अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधले पाद्री चर्चमध्ये उभे राहून सांगत होते, की जर्मनीच्या बव्हेरियातली एक गुप्त मंडळी धर्म आणि सरकार उलथवायला निघाली आहे. मग फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाची भीती आली, मग कॅथलिकांची. नावं बदलत गेली, सूर तोच राहिला. हा सूर त्यांनी नोव्हेंबर १९६३ मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानात उलगडला. माणसं वेडी आहेत असं त्यांना म्हणायचं नव्हतं. शहाणीसुरती माणसं असं बोलू लागतात, म्हणून तर त्यांना तो विषय महत्त्वाचा वाटला.

दोन पुलित्झर मिळाले. शेतकरी चळवळींवर त्यांनी आपल्या लेखनात अन्याय केला, ही टीकाही झाली. ती बरीचशी खरी होती.

२४ ऑक्टोबर १९७० रोजी ल्युकेमियानं ते गेले. वय ५४.

त्याच वर्षी त्यांच्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध पुस्तकरूपात आला. पुढं हा विद्यार्थी कोलंबियात हॉफस्टॅटर यांच्याच डेविट क्लिंटन प्राध्यापकपदावर बसला. त्याचं नाव एरिक फोनर. जॅक फोनर यांचा मुलगा.