‘मोकळी’ जमीन म्हणजे किती?

[दृश्य: लालबाग-परळचा रस्ता. बंद गिरणीचं लोखंडी फाटक. आत चिमणी. भिंतीतून फुटलेला पिंपळ.]

या फाटकाच्या आत एक रखवालदार सोडला तर माणूस नाही. साचे, म्हणजे कापड विणायचे माग, भंगारात गेले. छपराचे पत्रे उडाले. जिथे सुताच्या बाबिणी रचलेल्या असायच्या, तिथे पिंपळाची मुळं पसरली आहेत. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून कुणालाही विचारा, ही जागा मोकळी आहे का? तो म्हणेल, मग काय, किती वर्षं पडून आहे.

नियमाच्या भाषेत मात्र ही जागा मोकळी नाही. तिच्यावर बांधकाम आहे.

मुंबईच्या ऐन मध्यावर गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. तिचं काय झालं, ही गोष्ट बरीचशी या एका शब्दाची गोष्ट आहे.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. भोंगा, फाटकातून बाहेर पडणारी पाळी, चाळीचे कठडे.]

१८५४ साली ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू झाली. पुढच्या शतकात भायखळ्यापासून दादरपर्यंत चिमण्यांचं रान उभं राहिलं. कोकणातून, घाटावरून माणसं आली. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपणारी. त्यांच्या खानावळी, भजनी मंडळं, व्यायामशाळा, गणपती. या सगळ्याला मिळून गिरणगाव म्हणू लागले.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या.

मुंबईत गिरण्या होत्या ५८. त्यांपैकी २५ राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे एनटीसीच्या. आजारी गिरण्या केंद्र सरकारने १९७४ साली ताब्यात घेतल्या, संपानंतर १९८३ साली मुंबईतल्या आणखी १३ गिरण्यांचं व्यवस्थापन हाती घेतलं. म्हणजे मुंबईतल्या जवळजवळ निम्म्या गिरण्या सार्वजनिक मालकीच्या. तुमच्या-आमच्या. हे इथेच लक्षात ठेवूया, कारण पुढे सगळ्यांनाच त्याचा विसर पडलेला दिसतो.

[दृश्य: नकाशा. गिरण्यांचे भूखंड एकेक करून उजळतात.]

१९९१ साली मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यातला नियम क्रमांक ५८ गिरण्यांच्या जमिनीसाठी होता. लोक त्याला सोप्या भाषेत ‘एक तृतीयांशचा नियम’ म्हणतात. गिरणीच्या जागेचा पुनर्विकास करायचा असेल तर जमिनीचे तीन वाटे करायचे. एक महापालिकेला, बागा, मैदानं, शाळा, दवाखाने यांसाठी. दुसरा म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. तिसरा मालकाला. भूखंड ५ हेक्टरपर्यंतचा असेल तर ३३ टक्के पालिका, २७ टक्के म्हाडा, ४० टक्के मालक. १० हेक्टरांच्या वरचा असेल तर मालकाचा वाटा ३० टक्क्यांवर यायचा आणि म्हाडाचा ३७ वर जायचा.

हा नियम कागदावर उत्तम होता, आणि पहिली दहा वर्षं जवळजवळ कागदावरच राहिला. दोन तृतीयांश जमीन देण्यापेक्षा गिरणी बंद ठेवून वाट पाहणं मालकांना परवडत होतं. कामगारांची देणी थकली. सरकारची अडचण खरी होती, हे मान्य करायला हवं. कुलूप लावलेल्या गिरणीतून ना कामगाराला पैसा मिळत होता, ना शहराला बाग.

१९९६ साली राज्य सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. एनटीसीच्या २५ गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा हे त्याचं काम. कोरियांचा मुद्दा साधा होता. या जमिनी सुट्या सुट्या पाहू नका. एकेका गिरणीतून तुकडा काढला तर हाती ठिगळं येतील. सगळ्या एकत्र धरल्या तर सलग मैदान काढता येईल, रस्ता रुंद करता येईल, रेल्वे स्थानकासमोर माणसांना श्वास घ्यायला चौक करता येईल. हा अहवाल अमलात आला असता तर आजचं परळ स्थानक वेगळं दिसलं असतं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[दृश्य: गिरणीची शेड आतून. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, उत्तरेकडून येणारा उजेड.]

आणि मग आलं २००१ साल.

नियम ५८ बदलला. तीन वाटे तसेच राहिले. बदललं ते एवढंच, की वाटे कशाचे करायचे. आता ते पूर्ण जमिनीचे करायचे नव्हते. फक्त ‘मोकळ्या’ जमिनीचे, म्हणजे ज्यावर आधीच बांधकाम नाही अशा जागेचे, आणि शिल्लक चटईक्षेत्राचे, म्हणजे त्या भूखंडावर अजून करता येईल अशा बांधकामाचे. शेड पाडली तरी तिच्याइतकं बांधकाम मालकाला पुन्हा करता येणार, आणि त्यात वाटा द्यायचा नाही.

हे नीट समजून घ्यायचं तर गिरणीची शेड पाहावी लागते. साचे सुरू झाले की जमीन हादरते. म्हणून साचेखातं वरच्या मजल्यावर नेणं अवघड. शिवाय धागा दिसायला सारखा, सावली न पडणारा उजेड हवा, तो छपरातून घ्यायचा. म्हणून ही खाती तळमजल्यावरच, आडवी पसरलेली. जवळजवळ सगळा भूखंड छपराखाली. उघडी राहायची ती आवारातली वाट, बॉयलरसाठी पाणी साठवायचं तळं, कापसाच्या गाठी उतरवायची जागा.

समजा, एका गिरणीची जागा १२ एकर आहे आणि त्यातल्या १० एकरांवर शेड आहे. जुन्या नियमाने पालिकेला जवळजवळ ४ एकर मिळाले असते आणि म्हाडाला सव्वातीन. नव्या नियमाने वाटे होणार फक्त २ एकरांचे. पालिकेला पाऊण एकरही नाही. म्हाडाला अर्धा.

आता पुढे काय होतं पाहा. शेड पाडली जाते. तेवढंच बांधकाम आता चाळीस-पन्नास मजल्यांच्या मनोऱ्यात उभं चढतं. मनोऱ्याला जमीन कितीशी लागते? भूखंडाचा एक कोपरा. बाकी सगळी जमीन पहिल्यांदाच उघडी पडते. तिच्यावर हिरवळ येते, पोहण्याचा तलाव येतो, आणि बाहेर रखवालदार उभा राहतो. गिरणीची जमीन खऱ्या अर्थाने मोकळी होते ती या क्षणी. नियमाच्या हिशोबात मात्र हा क्षण धरलेलाच नाही.

[दृश्य: २६ जुलै २००५. पाण्यात बुडालेले रस्ते, माणसांच्या रांगा.]

बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुप ही संस्था उच्च न्यायालयात गेली. जुन्या नियमाने शहराला दीडशे एकरांहून जास्त खुली जागा मिळाली असती, नव्याने मिळणार होती तीसेक एकर. हे प्रकरण चालू असतानाच २६ जुलैचा पाऊस झाला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. पाणी मुरायला जमीन नसली की काय होतं, ते सगळ्या शहराने पाहिलं.

१७ ऑक्टोबर २००५ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. मोकळी जमीन म्हणजे बांधकाम पाडल्यावर मोकळी होणारी जमीनसुद्धा. एनटीसीने त्याच वर्षी केलेले गिरण्यांच्या विक्रीचे सौदेही रद्द ठरवले. पाच महिन्यांत, ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मोकळी म्हणजे आधीपासून मोकळी. सौदे कायम. गिरण्यांचं पुनरुज्जीवन आणि कामगारांची देणी यांचा विचार करून सरकारने केलेला बदल न्यायालयाने वैध मानला.

निकाल निकाल असतो. पण खासगी गिरण्यांचं एक वेळ सोडून देऊ. एनटीसीची जमीन तर सरकारचीच होती. तिथे शहराला वाटा देण्यापासून सरकारला कोण अडवत होतं?

[दृश्य: लोअर परळचे काचेचे मनोरे, खालून वर.]

२००५ साली एनटीसीने मुंबईतल्या पाच गिरण्या लिलावात विकल्या. ज्युपिटर, एल्फिन्स्टन, अपोलो, कोहिनूर आणि मुंबई टेक्स्टाइल. लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल, सुमारे १७ एकर, डीएलएफ कंपनीने ७०२ कोटींना घेतली. २०१२ साली तीच जमीन लोढा समूहाला विकली गेली, सुमारे २,७०० कोटींना. सात वर्षांत दोन हजार कोटींची वाढ. ती ना गिरणीत घाम गाळलेल्या कामगाराकडे आली, ना शहराकडे.

[दृश्य: प्रभादेवी स्थानकाचा पादचारी पूल. कोणताही आवाज नाही.]

जिथे तीन पाळ्यांत कामगार चालत यायचे, तिथे आता सकाळी एकाच वेळी हजारो नोकरदार लोकलने उतरू लागले. रस्ते तेच. जिने तेच. २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ, पाऊस पडत होता. एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताचं प्रभादेवी, आणि परळ ही स्थानकं जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ जणांचा जीव गेला. पूल रुंद करणं रेल्वेचं काम होतं, ते वेळेवर झालं नाही. पण स्थानकाभोवतीची जमीन एकदाच हातात आली होती, आणि ती कशी वाटली गेली, हेही त्या सकाळच्या हिशोबात धरायला हवं.

[दृश्य: म्हाडाची सोडत, सभागृहात बसलेले वृद्ध कामगार.]

म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी घरं बांधली गेली. २८ जून २०१२ ला ६,९२५ घरांची सोडत निघाली, किंमत साडेसात लाख. ज्यांना घर लागलं त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं. पण अर्ज दीड लाखाच्या घरात. जमीनच कमी आली, तर घरं कुठून येणार? मग पनवेलजवळचं कोन आलं. पुढे शेलू आणि वांगणी. २०२५ च्या जुलैमध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले तेव्हा मागणी एकच होती: घर मुंबईत द्या. गिरणगावात वाढलेल्या माणसाला कर्जतच्या वाटेवरची वांगणी दाखवायची, आणि त्याच्या जुन्या खात्याच्या जागी गाड्यांचे सात मजले उभे करायचे, हे पाहून आतून तुटतं.

[दृश्य: दादर चौपाटीजवळ इंदू मिलची जागा. क्रेन, बांधकाम.]

दुसरं काही होऊच शकत नव्हतं, असं कुणी म्हणालं तर त्याला इथे आणावं. चैत्यभूमीशेजारची इंदू मिल क्रमांक ६. एनटीसीचीच. हिच्यावरही शेड होती. पण जनतेने लावून धरलं. ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते आत शिरले आणि हटले नाहीत. अखेर जवळपास १२ एकर, अख्खी जागा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकाला मिळाली. आधीपासून मोकळी किती आणि बांधलेली किती, हा प्रश्न इथे आड आला नाही.

आणखी एक जागा पाहा. धारावीला लागून, मिठीच्या काठी ३७ एकर. एके काळी इथे शहराचा कचरा पडायचा. त्या ढिगावर माती टाकून झाडं लावली गेली आणि १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुलं झालं. शाळेची मुलं तिथे फुलपाखरं पाहतात.

मुंबईत आज माणशी जेमतेम सव्वा चौरस मीटर खुली जागा येते. दोन माणसांनी सतरंजी टाकून बसावं, एवढी.

[दृश्य: शिवडी, दारुखाना. बंदराची गोदामं. छपराचे पत्रे उडालेले.]

शहराच्या पूर्व किनाऱ्यावर मुंबई बंदराची सुमारे १,८०० एकर जमीन आहे. हीसुद्धा सार्वजनिक. तिच्या पुनर्वापरासाठी राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१४ साली अहवाल दिला. इथे भंगाराची दुकानं आहेत, जहाजतोडणीचे धक्के आहेत, वस्त्या आहेत, आणि लांबच लांब जुनी गोदामं आहेत, गिरणीच्या शेडसारखीच आडवी पसरलेली. त्यांतली किती वापरात आहेत आणि किती नुसती उभी आहेत, हे चालत गेलं की दिसतं.

या जमिनीतला शहराचा वाटा ठरवताना मोजणी गोदामांसकट व्हावी. कुंपणापासून समुद्रापर्यंत.