रॉबीचे दुसरे बारसे

(दृश्य : मेजावर उघडलेला जुना अंक. अनुक्रमणिकेवरून सरकणारे बोट एका ओळीशी थांबते.)

हा ‘सुपर सायन्स स्टोरीज’ या अमेरिकी नियतकालिकाचा सप्टेंबर १९४० चा अंक आहे. त्याच्या अनुक्रमणिकेत ‘स्ट्रेंज प्लेफेलो’ नावाची एक कथा आहे. मराठीत तिला ‘विलक्षण सवंगडी’ म्हणता येईल. ग्लोरिया नावाच्या लहान मुलीला सांभाळणारा, तिच्याबरोबर लपंडाव खेळणारा आणि सिंड्रेलाची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू इच्छिणारा एक यंत्रमानव या कथेत आहे. आयझॅक आसिमॉव्ह यांनी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती लिहिली, तेव्हा तिला त्यांनी एकाच शब्दाचे शीर्षक दिले होते : ‘रॉबी’. ते त्या यंत्रमानवाचे नाव आहे. आई ज्याला यंत्र समजते त्याला मुलगी मित्र समजते, आणि त्या घरातला सगळा ताण त्या एका लाडक्या नावात सामावलेला आहे. कथा छापताना ते नाव शीर्षकाच्या जागेवरून काढून टाकण्यात आले.

आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो, पण ते नाव घरच्यांनी मिळून ठरवलेले असते. या नियतकालिकांच्या जगात कथेचे बारसे करण्याचा शेवटचा अधिकार संपादकाकडे होता, आणि लेखकाने ठेवलेले नाव टिकेल याची खात्री कोणालाही देता येत नव्हती.

(दृश्य : पानाची पिवळी कड. पान उलटताना मेजावर पडणारा कागदाचा भुगा.)

‘पल्प’ म्हणजे लाकडाचा लगदा. १८९६ मध्ये फ्रँक मन्सी यांनी ‘द आर्गोसी’ हे मासिक या लगद्याच्या स्वस्त आणि खरखरीत कागदावर छापायला घेतले, आणि अमेरिकेत पल्प मासिकांचा काळ सुरू झाला. या मासिकांचा आकार साधारण सात इंच रुंद आणि दहा इंच उंच असे. आतला कागद हलक्या प्रतीचा असला तरी मुखपृष्ठ मात्र गुळगुळीत आणि रंगीत असे. लाकडातले लिग्निन या कागदात बरेचसे राहून गेलेले असते. त्यामुळे उजेड आणि हवा लागून तो पिवळा पडतो, त्यातले आम्ल त्याला आतून पोखरते, आणि शेवटी तो असा हातात तुटतो. ठेल्यावर शेजारीशेजारी टांगलेल्या अनेक अंकांमधून गिऱ्हाइकाने आपलाच अंक उचलावा, यासाठी संपादकाकडे दोनच साधने होती : मुखपृष्ठावरचे चित्र आणि शीर्षक.

(दृश्य : ‘अमेझिंग स्टोरीज’, एप्रिल १९२६. कॅमेरा मुखपृष्ठावरून हळूहळू खाली येतो.)

केवळ विज्ञानकथांना वाहिलेले पहिले इंग्रजी मासिक हे असे दिसत होते. मासिकाच्या नावातले पहिले अक्षर सर्वांत मोठे आहे आणि पुढची अक्षरे क्रमाने लहान होत जातात, जणू धूमकेतूने आपले शेपूट मागे सोडले आहे. खाली बर्फावर माणसे घसरत खेळत आहेत, बर्फाच्या उंचवट्यांवर शिडाची जहाजे अडकून पडली आहेत, आणि आकाश कड्यांसह शनी ग्रहाने व्यापले आहे. चित्रकार फ्रँक आर. पॉल यांनी ज्यूल व्हर्न यांच्या ‘ऑफ ऑन अ कॉमेट’, म्हणजे ‘धूमकेतूवरून प्रयाण’, या कादंबरीसाठी हे चित्र काढले. आता या शीर्षकाकडे थोडे थांबून पाहावे. १८७७ मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ कादंबरीचे नाव ‘हेक्टर सर्वादाक’ असे आहे. ते कथानायकाचे नाव आहे. इंग्रजीत येताना माणसाचे नाव गेले आणि धूमकेतू आला. म्हणजे पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर जिचे चित्र आहे, ती कथासुद्धा दुसऱ्या नावाने नांदत होती.

(दृश्य : त्याच अंकाची अनुक्रमणिका.)

या अंकातल्या सहाही कथा पूर्वी प्रसिद्ध झालेल्या होत्या, आणि त्यांची नावे एकाखाली एक वाचली तर शीर्षकांचे किती प्रकार त्या काळी उपलब्ध होते हे लक्षात येते. एडगर ॲलन पो यांच्या ‘द फॅक्ट्स इन द केस ऑफ एम. व्हाल्डेमार’ या कथेचे नाव एखाद्या वैद्याने लिहिलेल्या अहवालाच्या मथळ्यासारखे आहे, आणि आतली भयानक गोष्ट त्या कोरड्या मथळ्यामुळेच खरी वाटू लागते. एच. जी. वेल्स यांची ‘द न्यू ॲक्सेलरेटर’ ही कथा नव्या औषधाच्या जाहिरातीसारखी पुढे येते. त्यांच्या शेजारी ‘द मॅन हू सेव्ह्ड द अर्थ’ म्हणजे पृथ्वी वाचवणारा माणूस आहे, आणि ‘द मॅन फ्रॉम द ॲटम’ म्हणजे अणूतून आलेला माणूस आहे. ‘माणूस’ या शब्दाभोवती बांधलेला हा साचा पुढे फार चालला. डिसेंबर १९२८ मध्ये जॅक विल्यमसन यांची ‘द मेटल मॅन’ आली, एप्रिल १९३१ मध्ये एडमंड हॅमिल्टन यांची ‘द मॅन हू इव्हॉल्व्ह्ड’ आली. सहावे शीर्षक जॉर्ज ॲलन इंग्लंड यांचे आहे : ‘द थिंग फ्रॉम— “आउटसाइड”’. त्यातली आडवी रेघ आणि शेवटच्या शब्दाला दिलेली अवतरणचिन्हे पाहा. ‘बाहेर’ हा साधा शब्द आहे, पण त्याच्याआधी वाचकाला क्षणभर थांबवले की तो शब्द साधा राहत नाही. विरामचिन्हांनी एवढे काम करणारे शीर्षक मी दुसरे पाहिलेले नाही.

(दृश्य : ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’ची पाने, बिनतारी यंत्रांची रेखाचित्रे.)

‘अमेझिंग स्टोरीज’चे संस्थापक ह्यूगो गर्न्सबॅक यांचा जन्म १८८४ मध्ये लक्झेंबर्ग येथे झाला आणि १९०४ मध्ये ते अमेरिकेत आले. बिनतारी यंत्रांचे सुटे भाग विकता विकता त्यांनी मासिके काढली, आणि १९११ मध्ये आपल्याच ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’मध्ये ‘राल्फ १२४सी ४१+’ ही स्वतःची कादंबरी क्रमशः छापायला सुरुवात केली. हे शीर्षक दिसायला यंत्राच्या क्रमांकासारखे असले तरी ते इंग्रजीत मोठ्याने वाचले की ‘वन टू फोरसी फॉर वन’ असे ऐकू येते. एकाने दुसऱ्यासाठी पुढचे पाहून ठेवावे, असा त्याचा अर्थ. शब्दांचे कोडे घालण्याची ही हौस त्यांना मासिकाचे नाव ठेवतानाही होती. ‘सायंटिफिक’ आणि ‘फिक्शन’ हे दोन शब्द सांधून त्यांनी ‘सायंटिफिक्शन’ हा शब्द घडवला होता, आणि १९२४ मध्ये त्याच नावाच्या नियोजित मासिकाची माहिती देणारी पत्रके सुमारे २५,००० लोकांना पाठवली होती. प्रतिसाद इतका थंड आला की बेत पुढे ढकलावा लागला, आणि दोन वर्षांनी मासिक निघाले ते ‘अमेझिंग स्टोरीज’ म्हणून. आपल्या आवडत्या शब्दाला मुखपृष्ठावरच्या नावाचा मान मिळू नये, याचे दुःख या संपादकाने स्वतः अनुभवले होते.

(दृश्य : डिसेंबर १९२६ चे मुखपृष्ठ. प्रचंड गोल यान, त्याखाली अधांतरी जहाज.)

हे मुखपृष्ठ मात्र कोणत्याही कथेचे नव्हते. एक प्रचंड गोल यान समुद्रातले प्रवासी जहाज उचलून आकाशातून नेत आहे आणि काही अपरिचित माणसे ते पाहत उभी आहेत, असे चित्र पॉल यांच्याकडून आधी काढून घेण्यात आले आणि मग या चित्राला शोभेल अशी कथा लिहून पाठवण्याचे आवाहन वाचकांना करण्यात आले. बक्षिसांची एकूण रक्कम ५०० डॉलर होती. साडेतीनशेहून अधिक कथा आल्या. आधी दृश्य हाती घ्यायचे आणि मग त्याला शब्द शोधायचे, हे काम किती अवघड असते ते निवेदन लिहिणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. तिसरे बक्षीस क्लेअर विंगर हॅरिस यांना मिळाले आणि जून १९२७ च्या अंकात त्यांची ‘द फेट ऑफ द पोसायडोनिया’ ही कथा आली. चित्रातले ते जहाज निनावी होते. त्यांनी त्याला समुद्रदेवतेच्या नावावरून ‘पोसायडोनिया’ हे नाव दिले, त्या नावाला नियतीशी जोडले, आणि मंगळावरचे लोक पृथ्वीचे पाणी पळवून नेत आहेत ही भीती त्या एका जहाजात साठवली. बक्षीसपात्र लेखकांमध्ये एक स्त्री असावी याचे गर्न्सबॅक यांनी आपल्या टिपणात आश्चर्य व्यक्त केले. पण शीर्षक त्यांनी छापले, आणि त्याखाली बाईंचे स्वतःचे नावही छापले.

(दृश्य : १९२८ ते १९३४ या काळातली मुखपृष्ठे, एकामागून एक.)

यानंतरच्या काही वर्षांत शीर्षके आकाराने फुगत गेली. ‘क्रॅशिंग सन्स’मध्ये सूर्य एकमेकांवर आदळू लागले, ‘द स्टार स्टीलर्स’मध्ये तारे चोरीला जाऊ लागले, आणि जानेवारी १९३० मध्ये सुरू झालेल्या ‘अस्टाउंडिंग’च्या पहिल्या मुखपृष्ठावर एक माणूस राक्षसी भुंगेऱ्याशी झुंजताना दिसला, कथेचे नाव ‘द बीटल होर्ड’, भुंगेऱ्यांची झुंड. या गर्दीत जून १९३४ च्या अंकातले मरे लाइन्स्टर यांचे शीर्षक वेगळे उठून दिसते : ‘साइडवाइज इन टाइम’. काळात पुढे किंवा मागे जाण्याच्या कथा वाचकांना ठाऊक होत्या. काळात आडवे जाता येईल, ही कल्पना तीन साध्या शब्दांत मांडली गेली. पर्यायी इतिहासाच्या कथांना १९९५ पासून दिला जाणारा ‘साइडवाइज’ पुरस्कार याच शीर्षकातून आपले नाव घेऊन आला आहे.

(दृश्य : ‘ऑल-स्टोरी’, फेब्रुवारी १९१२. लेखकाच्या नावाचा जवळून फोटो.)

नावे बदलण्याची रीत विज्ञानकथांच्या मासिकांहूनही जुनी आहे. एडगर राइस बरोज यांनी आपली पहिली कादंबरी ‘डेजा थोरिस, मार्शियन प्रिन्सेस’ या नावाने पाठवली होती. ‘ऑल-स्टोरी’च्या संपादकांनी ती ‘अंडर द मून्स ऑफ मार्स’, म्हणजे ‘मंगळाच्या चंद्रांखाली’, या नावाने छापली. आपले डोके ठिकाणावर आहे हे सांगण्यासाठी बरोज यांनी ‘नॉर्मल बीन’ हे टोपणनाव घेतले होते (इंग्रजी बोलीत ‘बीन’ म्हणजे डोके), तेही छापताना ‘नॉर्मन बीन’ झाले आणि त्यातला अर्थच निघून गेला. १९१७ मध्ये पुस्तक निघाले तेव्हा राजकन्या शीर्षकात परत आली : ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’.

(दृश्य : ‘अस्टाउंडिंग’, जुलै १९३९, नंतर ‘प्लॅनेट स्टोरीज’, वसंत १९४२.)

आसिमॉव्ह यांच्या वाट्याला हे वारंवार आले. त्यांची ‘ॲड अ‍ॅस्ट्रा’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘ताऱ्यांकडे’, ही कथा संपादक जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांनी जुलै १९३९ मध्ये ‘ट्रेंड्स’ या नावाने छापली. इथे न्यायाने सांगितले पाहिजे की हा बदल कथा नीट समजून केलेला होता, कारण ती कथा अग्निबाणाची कमी आणि अग्निबाणाला विरोध करणाऱ्या लोकमताच्या लाटेची अधिक आहे. ‘पिल्ग्रिमेज’ या कथेचे मात्र तसे म्हणता येत नाही. ‘तीर्थयात्रा’ असा अर्थ असलेले हे शांत नाव कितीतरी वेळा साभार परत आले, आणि अखेर ‘प्लॅनेट स्टोरीज’ने कथा स्वीकारली तेव्हा तिचे नाव झाले ‘ब्लॅक फ्रायर ऑफ द फ्लेम’, ज्वालेचा काळा संन्यासी. आसिमॉव्ह यांना ते अजिबात आवडले नाही, आणि का आवडले नाही हे दोन्ही नावे शेजारी ठेवली की दिसते.

कॅम्पबेल स्वतःही लेखक होते. डॉन ए. स्टुअर्ट या टोपणनावाने ऑगस्ट १९३८ मध्ये त्यांनी ‘हू गोज देअर?’ ही दीर्घकथा छापली. किल्ल्याच्या दरवाजावरचा पहारेकरी अंधारात हटकतो, ‘कोण आहे तिकडे?’, तसा तो प्रश्न आहे. आणि अंटार्क्टिकाच्या छावणीत शेजारचा माणूस खरोखर माणूस आहे का, हे कोणालाच सांगता येत नसताना तोच प्रश्न प्रत्येकाला विचारावा लागतो. या कथेचा अधिक लांब मसुदा २०१७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात ठेवलेल्या त्यांच्या कागदपत्रांत सापडला. त्याचे नाव ‘फ्रोझन हेल’, म्हणजे गोठलेला नरक, असे होते. मला वाटते, शीर्षक घडताना त्यातून काय वगळले जाते हे शिकायचे असेल तर या दोन नावांइतका चांगला पाठ नाही, आणि इथे दोन्ही नावे लेखकाचीच असल्यामुळे तो पाठ निर्मळ आहे.

या सगळ्यात लेखकांच्या हाती फारसे पैसे आले नाहीत, भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट यांना १९२७ मध्ये एका मोठ्या कथेचे २५ डॉलर मिळाले, गर्न्सबॅक यांची कंपनी १९२९ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि १९५० च्या दशकात पल्प मासिके ठेल्यांवरून नाहीशी झाली.

(दृश्य : संगणकाचा पडदा. विज्ञानकथांची सूची. एका शीर्षकाखाली दुसरे शीर्षक.)

आज या अंकांची छायाचित्रित पाने इंटरनेट अर्काइव्हवर वाचता येतात, आणि विज्ञानकथांची सार्वजनिक सूची ठेवणारे स्वयंसेवक प्रत्येक कथेखाली तिची बदललेली नावे नोंदवतात. हे काम संथ आहे : अंक उघडायचा, अनुक्रमणिकेतले नाव आणि आतल्या पानावरचे नाव ताडून पाहायचे, नंतरच्या पुस्तकांत ती कथा कोणत्या नावाने आली ते शोधायचे, आणि मग सगळी नावे एका धाग्यात ओवायची. माझ्या मते प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या यादीत लेखकाने ठेवलेले नाव असेच जपले पाहिजे, मग छापील नाव कितीही गाजलेले असो.

(दृश्य : १९५० चे पुस्तक. मुखपृष्ठ, मग अनुक्रमणिका.)

१९५० मध्ये आसिमॉव्ह यांच्या यंत्रमानवांच्या कथा पुस्तकरूपाने आल्या. त्यांना पुस्तकासाठी ‘माइंड अँड आयर्न’, म्हणजे ‘मन आणि लोखंड’, हे नाव हवे होते. प्रकाशकांनी ‘आय, रोबोट’ हे नाव ठरवले. ते इआंडो बाइंडर यांच्या जानेवारी १९३९ च्या कथेचे नाव होते, आणि आसिमॉव्ह यांनी त्याला सुरुवातीला हरकतही घेतली होती. मुखपृष्ठावर तेच नाव छापले गेले. आत, अनुक्रमणिकेत, पहिल्या कथेसमोर मात्र एकच शब्द आहे : ‘रॉबी’.

(दृश्य : ‘रॉबी’ या शब्दावर कॅमेरा स्थिर. पान उलटते.)