डाव्या पायाची मॅच

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव-खानापूरकडं पाऊस लागला की लाल चिखलात पोरांचा फुटबॉल रंगतो, आणि मैदानाच्या कडेला छत्री धरून एकजण ओरडत उभा असतो. त्याला आपण नुसतं ‘सर’ म्हणतो. मीही त्यातलाच एक. आज मात्र आम्हा सगळ्यांच्या सरांविषयी बोलायचंय.

हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. जन्म १९०९चा, पेशा शिक्षकाचा. १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाताखाली आला आणि १९५० ते १९५४ अशी ओळीनं पाच वर्षं या संघानं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. १९५१ साली दिल्लीत त्यांच्याच भारतीय संघाला आशियाई खेळांचं सुवर्ण. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं १०-१ असं धुतलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. पण त्याच रहीमसाहेबांचा संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. तिथं ऑस्ट्रेलियावर हॅटट्रिक मारणारा नेव्हिल डिसोझा आपल्या घाटाखालचा, गोव्याचा.

मला त्यांची एक युक्ती फार आवडते. ते अशा स्पर्धा घ्यायचे की बॉल फक्त कच्च्या पायानंच मारायचा. मी आमच्या पोरांवर हे करून बघितलं. पहिल्या दिवशी निम्मी पोरं चिखलात आडवी, उरलेली हसून बेजार. आमचा सगळ्यात भारी फॉरवर्ड तर रुसूनच बसला. का रुसणार नाही? डावा पाय त्याला आजवर फक्त उभं राहायलाच लागत होता!

१९६२, जकार्ता, पुन्हा आशियाई खेळ. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून २-०नं हार. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नैलसिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला घरी नाही पाठवलं, पुढं आणून सेंटर फॉरवर्ड केलं! फायनलला पुन्हा कोरियाच. प्रेक्षक भारताविरुद्ध खवळलेले. पी. के. बॅनर्जींनी एक गोल मारला, दुसरा त्याच टाके पडलेल्या जर्नैलनं. २-१.

तेव्हा सरांना कॅन्सर होता. जून १९६३ मध्ये ते गेले. आशियाई फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर भारताला मिळालेलं नाही.

असो. येत्या रविवारी पाऊस उघडला तर आमची डाव्या पायाची मॅच आहे. फॉरवर्ड येतो म्हणालाय. उजव्यानं मारला की फाऊल, हे त्याला आधीच सांगून ठेवलंय.