नीडल होल्डर, म्हणजे सुई धरायचा चिमटा, हातात द्या

मित्रहो, मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या सर्जरी क्लबची पहिली बैठक कशी होते ते आपल्याला पाठ आहे. मोठ्या सर्जनला बोलवायचं, त्यांच्या गाजलेल्या केसेसच्या स्लाइड्स बघायच्या, शेवटी फोटो. आज तो पाहुणा मीच आहे, त्यामुळे लवकर आवरतो.

विद्यार्थ्यांनी स्वतःची मंडळं काढणं तसं जुनंच. एडिंबराची रॉयल मेडिकल सोसायटी १७३७ साली विद्यार्थ्यांनीच सुरू केली. आणि सर्जन हवेत म्हणाल, तर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१५च्या आयोगाच्या हिशेबाने जगातल्या ५ अब्ज माणसांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. पण आकडे ऐकून कुणाला सर्जरीची गोडी लागल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. ती हातातून लागते.

खुर्चीच्या पायाला दोरा बांधा आणि रीफ नॉट ही साधी दुहेरी गाठ मारून बघा. पहिल्या वर्षाचा मुलगा गाठ मारतो, दिसायला झकास, आणि जरा ताण दिला की सरकते. का? दोन्ही फेरे एकाच दिशेने घेतलेत. शेजारी बसलेली तिसऱ्या वर्षाची मुलगी म्हणते, "दुसरा उलटा घे." झालं काम! ऑपरेशन थिएटरमध्ये हे सांगायला कुणाला सवड नसते. टेबलावर पेशंट असतो. क्लबमध्ये पन्नास गाठी बिघडल्या तरी कुणाचं रक्त सांडत नाही. शिवाय शिकवता शिकवता त्या मुलीचीही गाठ पक्की होते.

तसाच पुठ्ठ्याचा खोका घ्या. आत मोबाइलचा कॅमेरा, दोन भोकं, दोन लांब चिमटे. हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं, कारण भोकाशी टेकू असतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या भिंतीशी हेच घडतं. पहिल्या दिवशी चिमट्यात रबरी तुकडा धरताना सगळेच घामाघूम होतात. होऊ देत.

दुसरी बाजूही दाखवा. दोन तास जखमेच्या कडा बाजूला ओढणारा रिट्रॅक्टर धरून उभं राहायचं आणि आतलं काहीच दिसायचं नाही, हे प्राध्यापकांपेक्षा रेसिडेंट डॉक्टर खरं सांगेल. त्यालाच बोलवा. मूल लहान असताना रात्रीच्या ड्युट्या कशा निभावल्या, हे सर्जन बाईंना विचारा. सर्जन बाप्यांनाही विचारा, बघू काय सांगतात. हे ऐकून कुणी भूल देण्याच्या शाखेकडे वळला तर क्लब फसला असं समजू नका. ऑपरेशनच्या टेबलावरच्या पडद्यापलीकडे आम्हाला तोच लागतो.

बरं, टेबलावर दोरे ठेवलेत, एकेक उचला. डावखुरे असतील त्यांनी माझ्या बाजूला या. मीही डावखुरा. शिकवणारे सगळे उजवे, म्हणून मी गाठ आरशात बघून शिकलो.