सगळं तोंडी असतं तर

[दृश्य : इंग्लंडचा दक्षिण किनारा, राखाडी समुद्र. मग काळ्या पाटीवर खडूने लिहिलेलं एक नाव.]

या किनाऱ्यावर सीफर्ड नावाचं गाव आहे. १८९६ साली तिथे प्रिंगल मॉर्गन नावाचे डॉक्टर होते. आपण तपासलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलाबद्दल त्यांनी त्या नोव्हेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटं टिपण लिहिलं. मुलाचं नाव त्यांनी 'पर्सी एफ.' एवढंच दिलं आहे.

पर्सी अंगापिंडाने धडधाकट, खेळात चपळ, बुद्धीने तल्लख. सातव्या वर्षापासून कधी शाळेत, कधी शिकवणीला. एवढं शिकूनही त्याला वाचता येत नव्हतं. डॉक्टरांनी लहान मुलांचं सोपं पुस्तक पुढे ठेवलं. 'अँड', 'द', 'ऑफ' असले बारके शब्द सोडले, तर त्याला एकही शब्द धड वाचता आला नाही. मग डॉक्टरांनी आकडे दिले. ७४९ गुणिले ८६७. हे त्याने झटकन केलं, बिनचूक केलं. स्वतःचं नाव लिहिताना मात्र 'पर्सी'चं 'प्रेसी' झालं, आणि एकापेक्षा जास्त वेळा दाखवून दिल्याशिवाय त्याला ती चूक दिसली नाही.

त्याला काही वर्षं शिकवलेल्या मास्तरांचं मतही डॉक्टरांनी टिपून ठेवलं आहे. शिकवणं सगळं तोंडी असतं, तर हा पोरगा शाळेत सगळ्यात हुशार ठरला असता, असं ते म्हणाले होते.

[क्षणभर शांतता. पडद्यावर फक्त पाटी.]

मास्तरांचं ते बोलणं आम्हाला या विषयात पुन्हा पुन्हा भेटत राहिलं. त्यांनी मुलाची अडचण सांगितली होती आणि वाटही दाखवली होती. पण ते बोलले हळहळून, कारण सगळं तोंडी शिकवणारी शाळा कुठे होती? तशी सोय उभी करायला पुढची शंभर वर्षं लागली. ती उभारण्यात सरकारांपेक्षा मोठा वाटा होता देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांचा आणि आपला वेळ फुकट देणाऱ्या माणसांचा. हा माहितीपट त्यांच्याबद्दल आहे.

मॉर्गन यांच्या काळात या अवस्थेला शब्दांधत्व म्हणत. दोष नजरेच्या स्मृतीत आहे अशी समजूत होती. आज आपण तिला डिस्लेक्सिया म्हणतो, आणि बहुतेक मुलांमध्ये मूळ अडचण ध्वनीपाशी असते हे आता कळलं आहे. कानावर पडलेल्या शब्दाचे सुटे ध्वनी ओळखायचे आणि ते कागदावरच्या खुणांशी जोडायचे, हे काम मेंदूला जड जातं. ही ठेवण बऱ्याचदा घराण्यात चालत येते आणि जन्मभर सोबत राहते. बुद्धीशी तिचा संबंध नाही. आळसाशी तर मुळीच नाही.

[दृश्य : लाकडी अक्षरांवरून फिरणारं बोट.]

अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन या डॉक्टरांनी १९२५ च्या सुमारास आयोवा राज्यात अशी मुलं अभ्यासली. अ‍ॅना गिलिंगहॅम या शिक्षिकेने त्यातून शिकवण्याची एक शिस्तशीर पद्धत बांधली : अक्षर बघायचं, त्याचा ध्वनी तोंडाने म्हणायचा, तो कानाने ऐकायचा आणि त्याच वेळी बोटाने गिरवायचं. धूळपाटीवर मोठ्याने म्हणत अक्षर गिरवलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना यात फारसं नवल वाटलं नसतं. ऑर्टन वारल्यावर, १९४९ मध्ये, त्यांच्या नावाने एक संस्था निघाली. १९९७ पासून तिचं नाव इंटरनॅशनल डिस्लेक्सिया असोसिएशन. अशीच एक संस्था १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये निघाली. बेल्जियमच्या डिस्लेक्सिया इंटरनॅशनलने २०१० मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या मुख्यालयात जागतिक परिषद भरवली आणि शिक्षकांसाठी विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केला.

या संस्थांनी मुलांना वाचायला शिकवण्याची वाट घालून दिली. ते हवंच, त्याला पर्याय नाही. पण त्याला वर्षं लागतात, आणि तोवर इतिहास थांबत नाही, विज्ञान थांबत नाही. पाचवीतलं मूल दुसरीच्या पुस्तकाशी झगडत असतं तेव्हा त्याचं डोकं मात्र पाचवीचंच असतं. त्या डोक्याला खाद्य कुठून मिळणार?

[दृश्य : न्यूयॉर्क. जुन्या ग्रंथालयाची इमारत. आत, फिरणारी छोटी तबकडी.]

याचं उत्तर एका पोटमाळ्यावर सापडलं, तेही दुसऱ्याच कोणासाठी काम चालू असताना.

दुसरं महायुद्ध संपलं होतं. परतलेल्या सैनिकांच्या कॉलेजच्या शिक्षणाचा खर्च अमेरिकन सरकार उचलत होतं. पण युद्धात दृष्टी गेलेल्यांनी पुस्तकं वाचायची कशी? अशा सैनिकांची पत्रं न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात यायला लागली. तिथल्या महिला मंडळातल्या अ‍ॅन मॅक्डोनाल्ड यांनी १९४८ मध्ये ग्रंथालयाच्या पोटमाळ्यावर ध्वनिमुद्रणाची जागा केली. बायका पाठ्यपुस्तकं वाचायच्या आणि ती सहा इंची तबकड्यांवर उतरायची. एका बाजूला साधारण बारा मिनिटं मावायची. चारशे पानांचं पुस्तक घ्या, पानाला अडीच मिनिटं धरा : एका पुस्तकाला चाळीसहून जास्त तबकड्या. आणि पत्र आलेलं असायचं एखाद्या कायद्याच्या नाहीतर रसायनशास्त्राच्या पुस्तकासाठी.

१९५१ मध्ये अ‍ॅन मॅक्डोनाल्ड देशभर फिरल्या आणि आणखी सात शहरांत ध्वनिमुद्रणाच्या खोल्या सुरू झाल्या. पुढे तबकड्या जाऊन टेप आल्या, मग कॅसेट, मग सीडी. काम तेच राहिलं. काचेच्या खोलीत एक जण वाचतोय, बाहेर दुसरा पुस्तक उघडून ओळ न ओळ पडताळतोय. गणिताचं पुस्तक गणित येणाऱ्यानेच वाचायचं, कारण समीकरण तोंडाने नीट सांगणं ही स्वतंत्र कला आहे. आकृती दिसत नसलेल्याला ती शब्दांत उभी करून द्यावी लागते.

हळूहळू या पुस्तकांच्या रांगेत वेगळेच विद्यार्थी येऊन उभे राहिले. त्यांना नीट दिसत होतं, पण छापील ओळ त्यांच्याशी बोलत नव्हती. त्यांची संख्या इतकी वाढली की अंधांसाठी निघालेल्या या संस्थेने १९९५ मध्ये आपल्या नावातच डिस्लेक्सिया हा शब्द घेतला. आज तिचं नाव लर्निंग अ‍ॅली आहे.

इथे एक शंका नेहमी विचारली जाते. डोळे आहेत ना, मग वाचून दाखवायची सवय कशाला लावता? मूल आळशी नाही का होणार? आम्हाला स्वतःला ही शंका पटत नाही, आणि त्याचं कारण आपल्या भाषेतच आहे. खूप जाणणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणतात? बहुश्रुत. ज्याने खूप ऐकलंय तो. गावागावांत श्रावणात पोथी लावत, एक जण वाची आणि सगळी आळी ऐकत बसे. ऐकणाऱ्यांना पोथी कळली नाही, असं कोणी म्हटलं नाही.

[दृश्य : स्कॅनरचा सरकत जाणारा उजेड.]

पुढचा टप्पा कॅलिफोर्नियातला. जिम फ्रुक्टरमन हे अभियंता १९८९ पासून एका ना-नफा संस्थेमार्फत अंधांसाठी वाचनयंत्रं बनवत होते. ती यंत्रं वापरणारा प्रत्येक जण घरी बसून तेच ते पुस्तक पुन्हा पान-पान स्कॅन करायचा. मुलाने त्यांना इंटरनेटवरून गाण्यांची देवाणघेवाण कशी चालते ते दाखवलं, आणि त्यांच्या मनात आलं की पुस्तकांचं असं का नको? एकाने स्कॅन करावं, बाकीच्यांनी घ्यावं. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात १९९६ मध्येच तशी सवलत आली होती : छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी ना-नफा संस्था परवानगीशिवाय प्रत करू शकते. त्या आधारावर २००२ मध्ये बुकशेअर सुरू झालं. तिथे आज दहा लाखांहून जास्त पुस्तकं आहेत. अडचणीचं प्रमाणपत्र दाखवून सभासद व्हायचं. पुस्तक मजकुराच्या रूपात येतं, त्यामुळे अक्षर मोठं करा, ओळींत जागा सोडा, पार्श्वभूमीचा रंग बदला, किंवा संगणकाच्या आवाजात ऐका. आवाज जो शब्द उच्चारतो तो त्याच क्षणी पडद्यावर उजळतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण ध्वनी आणि खूण ही जी जोडी त्याला जमत नाही, ती इथे समोर जोडून मिळते.

तरी एक कुंपण होतंच. लंडनमध्ये अशा मुलांसाठी तयार झालेलं पुस्तक नैरोबीला पाठवणं कायद्यात बसत नव्हतं. प्रत्येक देशाने तेच काम पहिल्यापासून करायचं. जगभरच्या अंधांच्या संघटना वर्षानुवर्षं याविरुद्ध लढल्या, आणि २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतल्या माराकेश शहरात अशी पुस्तकं देशाबाहेर पाठवायची मुभा देणारा करार झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात अंधांच्या जोडीला वाचनाची अक्षमता असलेलेही आले. करार मंजूर करणारा पहिला देश होता भारत, २४ जून २०१४ रोजी. वीस देश पूर्ण झाल्यावर ३० सप्टेंबर २०१६ पासून तो लागू झाला.

[दृश्य : मुंबई. शाळा सुटल्याची गर्दी.]

आता आपल्या घरी येऊ. १९९६ मध्ये महाराष्ट्र सरकारने अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या : वाढीव वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींचा, समावेश झाला.

पण मराठी शाळेतल्या मुलाला डिस्लेक्सिया आहे हे ओळखायचं कशावरून? इंग्रजी चाचणीचं भाषांतर करून चालत नाही, कारण आपल्या लिपीचे डोंगर वेगळे आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी क च्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. घ आणि ध, भ आणि म सख्ख्या भावांसारखे. आणि र तर काय! 'पर्वत' म्हणताना र आधी येतो, पण लिहिताना तो व च्या डोक्यावर जाऊन बसतो. 'प्रकाश'मध्ये तोच र प च्या पायाशी. सीफर्डच्या त्या मुलाचं नाव देवनागरीत लिहून बघा. 'पर्सी' आणि 'प्रेसी'. र वर गेला की खाली आला आणि एक मात्रा, एवढ्यावर सगळं.

हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हे ओळखून हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांसाठी चाचण्या तयार केल्या आणि २०१५ मध्ये त्या खुल्या केल्या. डाली हे त्यांचं नाव. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी त्या आहेत.

म्हणजे कायदा आहे, करार आहे, चाचणी आहे. मग आमचं मन जिथे अडकतं ते सांगतो. परीक्षेतली सवलत तीन तासांची. उरलेलं वर्ष ते मूल काय करतं? त्याला हवं असलेलं गोष्टीचं पुस्तक, मराठीत, आवाजासकट, त्याच्या हातात येतं का? मुंबईत नॅबचं, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या अंधांच्या संस्थेचं, बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय आहे. ऑगस्ट २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय चालू आहे, त्यात मराठी पुस्तकंही आहेत. पण कितीतरी मराठी पुस्तकांच्या फाइली युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरांची पद्धत, येण्याआधीच्या फाँटमध्ये अडकल्यात. संगणक त्या वाचायला गेला की नुसता अक्षरांचा चिवडा. त्या पुस्तकांना आजही माणूसच लागतो. पान उघडून, माइकसमोर बसून, एकेक ओळ वाचणारा माणूस.

[दृश्य : छोटी खोली. खिडक्यांना जाड पडदे. एक बाई चष्मा सावरते, पाणी पिते, वाचायला लागते.]

त्या पोटमाळ्यावरच्या बायकांसारखीच ही. हिलाही पैसे मिळत नाहीत. 'पर्वत' म्हणताना तिची जीभ अडखळते, ती थांबते, वाक्य पहिल्यापासून घेते. बाहेर बसलेला माणूस पुस्तकात बोट ठेवून मान हलवतो.

[दृश्य : दुसरं घर. टेबलाशी एक मुलगा, कानात इअरफोन. पडद्यावर एकेक शब्द उजळतोय.]

आवाज पुढे जातो. मुलगा हात पुढे करून तो थांबवतो, दहा सेकंद मागे घेतो. 'पर्वत' पुन्हा उजळतो. त्याचं बोट पडद्यावर त्या रफारावर टेकतं, आणि बाईंच्या मागोमाग तो हळूच म्हणतो : पर्वत.