गांडूळखत, भोसले आणि एक फोटो

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, माझा धंदा ठिबकचा. दिंडोरी रोडला दुकान आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर कोण काय फवारतंय ते एकमेकांना कळावं म्हणून द्राक्ष बागायतदारांचा टेलिग्राम ग्रुप काढला. आज त्यात दीड-दोन हजार माणसं आहेत आणि मी त्यांचा बिनपगारी फौजदार. ‘समूहातली अश्लीलता’ हा आजचा विषय निमंत्रणपत्रिकेत वाचून बायको म्हणाली, "पुढच्या रांगेत आपले व्याही बसणारेत, जपून बोला." बघू कितपत जमतंय.

आधी आमची फजिती सांगतो. पोरं ग्रुपवर शिव्या देतात अशी ओरड झाली, तेव्हा माझ्या भाच्यानं एक बॉट बसवला. त्याला वाईट शब्दांची यादी द्यायची, ती अक्षरं कुठेही दिसली की तो मेसेज उडवतो. यादी आम्ही तिघांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून केली. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं, तिसऱ्यानं रस्त्यावर लक्ष ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी निफाडच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, गांडूळखत एकरी किती टाकायचं? मेसेज उडाला. त्यानं पुन्हा टाकला, पुन्हा उडाला. मागच्या रांगेला कारण कळलेलं दिसतंय. दुपारपर्यंत ग्रुपातले झाडून सगळे भोसले मुके झाले. संध्याकाळी कृत्रिम रेतनाच्या शिबिराची सूचनाही उडाली. ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ती पोरं मात्र मजेत होती. शब्दाच्या मध्ये एक फुली मारायची, नाहीतर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, की बॉटला ओ की ठो कळत नाही. इंग्लंडातही 1996 साली असंच झालं होतं. स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट कंपनीकडे खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी बसली होती.

आपल्याकडे शिवीचं वावडं कुणाला होतं हो? शिमग्याला बोंब मारायची मुभा आपल्या आज्यापणज्यांनीच दिलेली. जुन्या नाशकात शनि चौकात, तिवंध्यात रंगपंचमीला रहाड, म्हणजे जमिनीतला रंगाचा हौद, उघडते, माणसं त्यात धप्पा मारतात, आणि नंतर ती पुन्हा झाकून टाकतात. वर्षभर त्याच जागेवरून रहदारी चालते. उघडायचा दिवस ठरलेला, आणि ज्याला भिजायचं नाही तो त्या दिवशी तिकडे फिरकत नाही. ग्रुपात ही सोय नाही. तिथे शिमगा बाराही महिने चालू, आणि शेजारी कुणाची तरी सून बसलेली.

कोर्टालाही हे कोडं सहज सुटलं नाही. 1868 साली इंग्लंडात एक कसोटी ठरली: मजकूर ज्याच्या हाती पडू शकतो अशा कच्च्या मनाच्या माणसाला तो बिघडवेल का? आपल्या सुप्रीम कोर्टानं 1964 मध्ये ती थोड्या फरकानं उचलली आणि 2014 मध्ये बाजूला ठेवली. आता आजच्या समाजाच्या नजरेनं, अख्खा मजकूर धरून बघायचं. मधल्या काळात काय काय झालं! र. धों. कर्व्यांनी वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं दिली म्हणून खटला झाला. 1934 मध्ये त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी खटला हरले. आमच्या ग्रुपात एकानं विचारलं, नसबंदीनंतर पाठीवर फवारणीचा पंप किती दिवस घ्यायचा नाही? लगेच चौघांची तक्रार, ‘घाण मेसेज काढून टाका’. मी काढला नाही. बायकोपोरांचा विचार करणारा तो ग्रुपातला एकटाच निघाला असेल.

आता जे सांगायला आलोय ते. एका रात्री साडेअकराला ग्रुपवर एका मुलीचा फोटो आला. तिला ठाऊक नसताना काढलेला. लग्न मोडलेल्या मुलानं टाकला होता. खाली दोनच शब्द: एक्स्पोर्ट क्वालिटी. यादीतला एकही शब्द त्यात नव्हता, त्यामुळे बॉट शांत. गांडूळखत उडवणाऱ्या बॉटनं हा फोटो सुखरूप पोचवला. मी पाहीपर्यंत दहा मिनिटं गेली होती आणि त्यावर चौदा जणांनी हसरे चेहरे टाकले होते.

मी फोटो ग्रुपवरून काढून टाकला, पण त्याआधी एक गाढवपणा केला. ‘बघा रे काय टाकलंय’ म्हणून तोच फोटो आमच्या पाच ॲडमिनांच्या ग्रुपवर ढकलला. पुरावा म्हणून! भाच्याचा फोन आला, "मामा, त्यानं एकदा पाठवला, तुम्ही दुसऱ्यांदा." आयटी कायद्याचं कलम 67 अश्लील मजकूर पाठवण्याबद्दलच आहे: पहिल्या खेपेला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. उघड लैंगिक कृत्य असेल तर 67अ, तिथे 5 वर्षं आणि 10 लाख. मूल असेल तर विषयच वेगळा. तसलं काही फोनमध्ये साठवून ठेवणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं, हे सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून फोटो जवळ ठेवायचा नाही, पुढे पाठवायचा नाही. कुणी टाकला, किती वाजता, कुठल्या खात्यावरून, एवढं वहीत लिहायचं आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करायची. स्त्रिया आणि मुलांच्या बाबतीत तिथे नाव न देताही तक्रार होते.

ॲडमिनला तुरुंगात टाकतात का, हे मला दुकानात रोज कुणीतरी विचारतं. सदस्यानं केलेल्याचं पाप नुसता ॲडमिन आहे म्हणून त्याच्या माथी येत नाही, असं नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितलं. तुम्ही सामील नव्हता ना, एवढं बघतात. ऐकून बरं वाटतं. पण दोन दिवसांनी त्या मुलीचा फोन आला, तेव्हा त्या निकालाचा मला काही उपयोग झाला नाही. तिनं एकच विचारलं, "काका, किती जणांनी बघितला?" दीड-दोन हजारांच्या ग्रुपात ते कळत नाही. मी तसं सांगितलं. ती बराच वेळ फोन धरून होती.

बॉट आम्ही फोटोच्या दुसऱ्याच दिवशी काढून टाकला. आता नव्या माणसाला पहिला महिना फोटो टाकता येत नाही, आणि बायकांच्या तक्रारी लासलगावच्या एक ताई बघतात, आम्ही पुरुष नाही. शिव्या चालू आहेत. टोमॅटोचा भाव पडला की जरा जास्त चालतात, मी तिकडे बघत नाही.

आणि ते हसणारे चौदा. नावं दिसत होती, मी एकेकाला फोन लावला. सगळे ओळखीचे, तिघांची तर माझ्याकडे उधारी. अकरा जणांचा हात चुकून लागला होता.