पाझर गढूळ झाला तर

नमस्कार श्रोतेहो.

"हे तर आजोबांच्या काळापासून असंच पाझरतंय." खासगी मालकीच्या मातीच्या बांधाच्या पायथ्याशी उभं राहून ओल्या जागेकडे बोट दाखवलं, की हे वाक्य हमखास कानावर येतं. सांगणारा खोटं बोलत नसतो. मातीचा बांध पाझरतोच. एका अंगाला पाणी तुंबलं की त्यातलं थोडं दुसऱ्या अंगाला झिरपत येणारच, त्यामुळे नुसता पाझर बघून घाबरायचं कारण नाही. पण त्या पाण्याबरोबर बांधातली माती बाहेर येते आहे का, हे बघावंच लागतं. आणि तिथे आजोबांची साक्ष चालत नाही, आजचं पाणी आजच बघावं लागतं.

ते बघायला महागडं यंत्र लागत नाही. स्वच्छ काचेची बाटली घ्या. पायथ्याशी पाणी जिथून निघतं तिथे, खालचा चिखल न ढवळता, ती भरून घ्या आणि हलवू नका. रात्रभर ठेवून सकाळी उजेडासमोर धरा. पाणी नितळ असेल आणि तळ साफ असेल, तर ठीक. तळाशी मातीचा थर बसला असेल किंवा पाणी गढूळच राहिलं असेल, तर तुमचा बांध आतून वाहून जायला लागला आहे. दुसरी गोष्ट बादलीची. पाझराचं पाणी एका पन्हळीत घ्या, बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि वहीत लिहा. शेजारी तारीख आणि त्या दिवशीची तलावातली पातळी लिहा. पातळी तीच असताना बादली लवकर भरायला लागली, तर आत काहीतरी बदललेलं आहे. ही वही नसेल, तर जाणकार इंजिनिअरलाही अंदाजानेच बोलावं लागतं.

आत नेमकं काय होतं? पाणी बाहेर पडतं त्या तोंडापाशी मातीचे कण सुटतात आणि तिथे छोटी पोकळी होते. पोकळी झाली की पाणी तिकडेच ओढ घेतं, त्याचा जोर वाढतो, आणखी कण सुटतात. अशी एक नळी बाहेरून आत, तलावाच्या दिशेने कोरली जाते. इंजिनिअर याला 'पायपिंग' म्हणतात. हे वर्षानुवर्षं मुकाट्याने चालू राहू शकतं. नळी तलावाला जाऊन भिडली, की मग बांध काही तासांत, कधी त्याहूनही कमी वेळात जातो.

या नळीची सगळ्यांत नेहमीची जागा म्हणजे बांधातून काढलेला पाइप. गोल पाइपच्या पोटाखाली माती नीट ठोकून बसत नाही. तिथे सैल फट राहते आणि पाणी पाइपच्या बाहेरून वाट काढतं. पाइप लोखंडी असेल आणि गंजून त्याला भोक पडलं, तर माती थेट पाइपातच ओढली जाते. वरून दिसतो तो फक्त बांधावर पडलेला एक खळगा. लोक त्यात चार पाट्या माती टाकून मोकळे होतात. कृपा करून तसं करू नका. खळगा बुजवण्याआधी तिथली माती कुठे गेली ते शोधा. पूर्वी पाझर अडवायला पाइपभोवती काँक्रीटच्या कॉलर घालत. आता त्यापेक्षा पाइपच्या बाहेरच्या टोकाकडच्या भागाभोवती निवडक वाळूचा गाळणथर घालतात. पाणी त्यातून जातं, माती अडते.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वतात उंचावर, लॉन लेक नावाचा मातीचा बांध होता. शेतकऱ्यांनी सिंचनासाठी 1903 साली बांधलेला, उंची साधारण 8 मीटर. पाइप आणि झडप यांच्या सांध्यात भरलेलं शिसं काळाच्या ओघात खराब झालं, दाबाखालचं पाणी तिथून मातीत शिरलं आणि 15 जुलै 1982 रोजी पहाटे बांध फुटला. 79 वर्षं तो उभा होता. तिघांचा जीव गेला आणि खालच्या एस्टेस पार्क गावाची बाजारपेठ चिखलात गेली.

'आपलं धरण छोटं आहे' हे म्हणणं मला फार धोक्याचं वाटतं. हिशेब करून बघा. एक हेक्टर पाणी, सरासरी 3 मीटर खोल. झालं 30 हजार घनमीटर, म्हणजे 30 हजार टन वजन, आणि ते अडवून धरलंय मातीच्या एका ढिगाने. जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स धरण 12 मीटरच्या आसपास उंच होतं. 6 नोव्हेंबर 1977 रोजी मध्यरात्रीनंतर, पावसाच्या मागोमाग, लोक झोपेत असताना ते फुटलं आणि खालच्या कॉलेजच्या परिसरातली 39 माणसं गेली. केनियात सोलाई इथे 9 मे 2018 च्या रात्री एका खासगी शेतमळ्यातला मातीचा बांध फुटला. तिथे चाळीसहून जास्त माणसं दगावली.

धोका बांधाच्या उंचीवर जितका ठरतो, त्याहून जास्त खाली कोण झोपलंय त्यावर ठरतो. बांध बांधला तेव्हा खाली नुसतं रान असेल. पुढे रस्ता झाला, चार घरं झाली, शाळा झाली. बांधाला कुणी हात लावला नाही, तरी त्याचा धोका कितीतरी पटींनी वाढला. कायदे मात्र बहुतेक ठिकाणी आकारावरून सुरू होतात. भारताचा 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना आणि काही अटींत बसणाऱ्या 10 ते 15 मीटरच्या धरणांना लागू आहे. त्याखालच्या बांधावर नजर ठेवणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे मालक.

आता सांडव्याबद्दल, म्हणजे तलावातलं जादा पाणी बाहेर काढून देणाऱ्या वाटेबद्दल. मातीच्या बांधावरून पाणी वाहता कामा नये, एकदाही नाही. माथ्यावरून पाणी पलीकडे उतरायला लागलं की उतार कापला जातो आणि बांध खचतो. सांडवा असतो तो एवढ्यासाठीच. आणि नेमकं त्यालाच आपण अडवतो. थोडं जास्त पाणी साठावं म्हणून वाळूच्या गोण्या, फळ्या. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी. पेन्सिल्व्हेनियातल्या साउथ फोर्क धरणावर हेच झालं. ते आधीच्या मालकाकडून एका श्रीमंत क्लबकडे आलं, तोवर तळाचे लोखंडी पाइप काढून विकून झाले होते, म्हणजे पाणी खाली उतरवायची सोयच उरली नव्हती. क्लबने बग्ग्या जाव्यात म्हणून माथा उतरवून रुंद केला आणि सांडव्यावर माशांसाठी जाळ्या बसवल्या. 31 मे 1889 रोजी मुसळधार पावसात बांध गेला. खाली जॉन्सटाउन शहर होतं. 2,209 माणसं मेली.

झाडांविषयी थोडक्यात. बांधावर आखूड गवत हवं, झाडं नकोत. झाड वाळलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात; वादळात उन्मळलं तर बांधाचा लचका तोडून जातं. रोपटं आहे तोवरच उपटा. मोठं झालेलं झाड मात्र परस्पर तोडू नका, त्याची मुळं काढून माती थराथराने दाबून भरावी लागते, आणि ते जाणकाराला विचारूनच. उंदीर-घुशींची बिळंही गवत आखूड असेल तरच दिसतात.

आणि समजा पाझर अचानक वाढला, गढूळ झाला, किंवा तलावात बांधालगत भोवरा दिसला. तेव्हा पहिला मोह होतो तो बाहेरचं भोक माती, गोणपाट, काय मिळेल ते कोंबून बंद करायचा. ते करू नका. पाणी आत कोंडतं, दाब वाढतो आणि ते दुसरीकडून जास्त जोराने फुटतं. पाझर अजून छोटा असेल आणि तिथे उभं राहणं सुरक्षित असेल, तरच त्यावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी टाका. पाणी येऊ द्या, माती धरून ठेवा. तळाची झडप उघडून तलाव खाली उतरवायला लागा. पण या सगळ्याच्या आधी फोन करा.

लॉन लेकच्या त्या सकाळी डोंगरात कचरा गोळा करायला आलेल्या एका माणसाला खडखडाट ऐकू आला. पाण्याबरोबर झाडं आणि दगड येताना त्याने पाहिले आणि तिथल्या आपत्कालीन फोनवरून कळवलं. त्या एका फोनमुळे खालच्या कितीतरी लोकांना हलायला वेळ मिळाला. तुमच्या बांधाखाली पाण्याच्या वाटेत जेवढी घरं असतील, त्यांची यादी करा. प्रत्येकाचे दोन नंबर घ्या, कारण रात्री एक उचलला जात नाही. पोलीस आणि प्रशासनाचे नंबर सगळ्यांत वर लिहा. एक प्रत तुमच्या घरात, एक झडपेच्या खोलीत, एक खालच्या एखाद्या घरी. आणि दरवर्षी पावसाआधी एकदा ते सगळे नंबर लावून बघा. निम्मे तरी बदललेले निघतील.